डायनासोरचे डोळे

खिडकीच्या गजांना ऑइलपेंट लावायला आज रंगारी आलाय. त्या उग्र वासानं मी मनानं थेट पाली गावाजवळच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

तिथं बऱ्याच वर्षांपूर्वी एका नव्या धाब्यासमोर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सिमेंटचा डायनासोर उभा केला होता. आप्पा गणपती घडवणारे; एवढं मोठं जनावर पहिल्यांदाच. मी माहेरी आले होते, शिडी धरून उभी होते. वर आप्पा हिरवा रंग मारत होते, आणि थेंब माझ्या बांगड्यांवर पडत होते.

"डोळे कावून न्हाई आखले?" धाब्याच्या मालकानं विचारलं.

"डोळे शेवटी," आप्पा म्हणाले. "धाबा उघडंल त्या दिवशी सकाळी. मूर्तीचा रिवाजच हाय तसा."

पण त्याआधीच गावाबाहेरून नवा रस्ता झाला, आणि सगळी वाहतूक तिकडून गेली. धाबा उघडलाच नाही. आप्पांनाही पुन्हा तसलं मोठं काम आलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांना दवाखान्यात नेताना मुद्दाम जुन्या रस्त्यानं गाडी घेतली. शेपटीतून गंजक्या सळया बाहेर आल्यात, पायांभोवती वेड्या बाभळी माजल्यात.

"आप्पा, रंग आणू का? डोळे आखता?"

"कुणाला बघाया?" ते म्हणाले, आणि पाली मागं पडेपर्यंत त्यांनी स्वतःचे डोळे मिटून घेतले.