आक्काबाईची झील

कुकडीचा पूल मागे पडला तशा आक्काबाई रस्त्याकडेच्या दगडावर टेकल्या. जुन्नरच्या स्टँडवर एसटीतून उतरून दोघी पायी निघाल्या होत्या. नूतन दर संकष्टीला लेण्याद्रीला पायी जाई. या खेपेला येडगावातल्या तिच्या या म्हाताऱ्या शेजारीणबाई आपणहून म्हणाल्या होत्या, "मी बी येते. तू तुझ्या गणपतीला जा, मी माझ्या लेणीत बसंन." डोंगर एकच होता. नूतनचा गणपती एका लेणीत, आक्काबाई हात जोडत तो बुद्धाचा स्तूप शेजारच्या.

नूतनने पिशवीतला मोबाईल पुन्हा काढून बघितला. नाटकवाल्यांचा फोन अजून आला नव्हता.

"दम लागला का, आक्का?"

"दम गेला तवाच गेला. आता पाय तेवढं उरल्यात."

गोळेगावच्या अलीकडे भागूची चहाची टपरी. तो मूळचा येडगावचाच. लांबूनच ओरडला, "अगं आक्का! परवा नारायणगावात तुला मरताना बघितली मी. रडलो बी, राव. भुताला चहा चालतो का?"

"चालतो की. साखर जास्त टाक. जिती असताना कुणी टाकली न्हाई."

भागू हसला. नूतनला मात्र हसू आलं नाही.

परवाची गोष्ट अशी. गुणाबाई वळतीकर म्हणजे तमाशातला मोठा गळा. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि आता शहरातल्या मंडळींनी त्यांच्या आयुष्यावर संगीत नाटक बसवलं. आक्काबाई त्याच फडात गुणाबाईंच्या मागे उभ्या राहून झील धरायच्या. म्हणजे बाईने ओळ सोडली की ती उचलायची, बाईचा श्वास तुटला की सूर पडू द्यायचा नाही. लोक बघायचे पुढे. मागचा चेहरा कुणाच्या ध्यानात राहत नसे. म्हणून नूतनने हौसेने त्यांना नाटकाला नेलं.

नाटकात आक्काबाई होत्या, नावानिशी. दुसऱ्या अंकात फडाचा ट्रक उलटतो आणि त्या गुणाबाईंच्या मांडीवर प्राण सोडतात. मग येतो त्या फडाचा रिवाज. झीलकऱ्यांतलं कुणी गेलं, तर दुसऱ्या रात्री गणाच्या आधी त्याची जागा मोकळी ठेवायची आणि खुद्द बाईने पुढची जागा सोडून मागे येऊन त्याची झील धरायची. नाटकातली गुणाबाई मागे आली. मान खाली घालून तिने एकटीने झील धरली आणि सगळं थिएटर मुसमुसायला लागलं.

नूतन संतापली. आक्काबाई पदर डोळ्यांवर ओढून आधीच बाहेर पडल्या होत्या. ती एकटीच दिग्दर्शकाला जाऊन भेटली. "त्या जिवंत आहेत. माझ्या शेजारी राहतात."

"असं सांगत बरेच जण येतात, ताई," तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "संकष्टीला दुपारी फोन करतो, त्यांच्याशीच बोलणं करून द्या. खरं निघालं तर तो प्रसंग काढून टाकतो. संध्याकाळी मंचरला प्रयोग आहे, तिथं त्यांचा सत्कार करू."

चहा घेऊन दोघी पुढे निघाल्या तेव्हा नूतनने ही बोलणी पहिल्यांदा सांगितली. कांद्याच्या शेतांवरून गरम वारा येत होता.

"ट्रक उलटला न्हवता," आक्काबाई चालता चालता म्हणाल्या. "ट्रक चांगला थांबला व्हता. येडगावच्या फाट्याव. मला तापानं धरलेलं, गळा बसला त्यो बसलाच. बाई वरनं म्हनल्या, बरी झालीस की ये. माजी वळकटी खाली टाकली आन गेलं."

"मग तू गेली नाहीस परत?"

"गेले की. जत्रांच्या सुपाऱ्या ठरवाया नारायणगावात फडांच्या राहुट्या पडल्या, तवा गेले. आतनं बाईंचाच आवाज आला, सांग तिला, बाई झोपल्यात."

नूतन थांबली. आक्काबाई थांबल्या नाहीत.

कळंबच्या माहेरी जायची सोय नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर थोरल्या भावाने बजावलं होतं की आता बोर्डावर नाचायचं-गायचं बंद, माणसासारखं जगायचं. आक्काबाईंनी फड धरला, भावाने दार लावलं. पुढे त्या येडगावात लोकांच्या शेतात खुरपत राहिल्या. गुणाबाई गेल्या तेव्हा वळतीला मोठी गर्दी झाली. आक्काबाई दोरीच्या अलीकडून फुलं बघून परत आल्या.

"म्हणून तर खरं बाहेर यायला पाहिजे, आक्का," नूतन म्हणाली. "सगळ्यांसमोर शाल घालतील तुला."

"शालीचं काय करू, उन्हाळ्यात?"

पायऱ्या चढताना त्या कठड्याला धरून धरून थांबत होत्या. वर नूतन गणपतीपुढे बसली, पण डोळे मिटले की राहुटीबाहेर उभी असलेली आक्का दिसे. आज तरी हिच्या पदरात काही पडू दे, एवढंच तिने मागितलं.

ती शेजारच्या लेणीत आली तेव्हा आक्काबाई स्तूपासमोर खांबाला टेकून बसल्या होत्या. ओठ हलत होते, घशातून नुसती हवा येत होती. तेवढ्यात पिशवीत मोबाईल वाजला. दगडाच्या पोकळीत त्याचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

"त्याचाच आहे. बोल तू." नूतनने फोन पुढे केला.

आक्काबाईंनी तिचं मनगट धरलं. हात तापलेला होता.

"आज मंचरला ती नाटकातली पोर मागं येनार का गं? तशीच, मान खाली घालून?"

"तू जिवंत आहेस कळल्यावर कशी येईल?"

"मग नगं."

"आक्का, मी आत्ता देवापुढून उठून आले. तू नाहीस, असं खोटं कसं सांगू त्याला?"

"खोटं नगं सांगू, बाये. फोन उचलू नगंस. वाजून वाजून थांबंल त्यो. माजी झील कुनीच धरली न्हाई जल्मात. एवढी धरू दे तिला."