एमिल व्होंद्राचे कान आणि डार्लीनची बढती

लढाईवरून परत आली तेव्हा डार्लीन ह्रुस्काला गावात कोणी माजी सैनिक म्हणून धरलंच नाही. आखाती वाळवंटात तिने तोफगोळ्यांचे ट्रक हाकले होते. पण शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलवर तळलेले मासे खायला गेली, तर दारावरचा गडी म्हणाला, "बायकामंडळी तिकडच्या टेबलावर."

"असं? सगळ्या कुठल्या आघाडीवर होत्या?" डार्लीनने विचारलं.

हॉल खदाखदा हसला. कौंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, सैनिक कल्याण अधिकारी, म्हातारे लाडिस्लाव कुबात, कोपऱ्यात बिअर पीत बसले होते. ते म्हणाले, "पोरी, सोमवारी ऑफिसात ये. मी निवृत्त होतोय आणि मला असंच तिखट माणूस हवंय."

अशी डार्लीन नोकरीला लागली. सरकारकडून सैनिकांना पेन्शन, औषधपाणी, काय असेल ते मिळवून द्यायचं, एवढंच काम. पण अमेरिकेतल्या या नेब्रास्का राज्याचा शेतकरी मदत घ्यायची म्हटली की दाढ उपटायला सांगितल्यासारखा तोंड मिटून बसतो. त्यातला शिरोमणी म्हणजे एमिल व्होंद्रा. कोरियात तोफेवर होता. कानाशी ढोल बडवला तरी मान वळत नसे.

"मी बहिरा नाही! अ‍ॅग्नेसच पुटपुटते!" तो असा गरजला की गोठ्यावरची कबुतरं उडाली. डार्लीनला त्याने दोनदा फाटकावरूनच वाटेला लावलं.

तिसऱ्या खेपेला ती पोचली तर कुंपण मोडून डुकरं मक्यात शिरलेली. डार्लीनने गाडीतले गमबूट चढवले आणि घेतली उडी. डुकरं परत वाड्यात गेली तोवर ती नखशिखान्त चिखल झाली होती. एवढं केल्यावर तिला स्वयंपाकघरात बसवणं भागच होतं. एमिलच्या बायकोने, अ‍ॅग्नेसने, कॉफी आणि खसखस भरलेल्या कोलाची नावाच्या गोड पावांची बशी पुढे ठेवली आणि नवऱ्यासमोरच साध्या आवाजात सुरू केलं, "हा मेला गाढवाच्या जातीचा. याची आईही अशीच होती."

"हो ना, यंदा मका झकास आहे," एमिल खुशीत म्हणाला.

डार्लीनच्या नाकातून कॉफी आली. ती पुसत तिने तितक्याच हळू विचारलं, "मिस्टर व्होंद्रा, तुमचा हिरवा ट्रॅक्टर मला देता? फुकट?"

एमिलने बशी पुढे सरकवली. "घे की पोरी! लाजतेस काय? अजून दोन घे!"

डार्लीन उठली, अंगणात गेली, ट्रॅक्टरवर चढली आणि चालू करून निघाली. एमिल टोपी सावरत मागे धावला. "अगं ए! कुठे नेतेस?"

"तुम्हीच दिलात!" ती ओरडली. "अजून दोन घे म्हणालात!"

अ‍ॅग्नेस दाराला धरून हसत होती. एमिलने बायकोकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि टोपी काढून हातात घेतली.

"आम्ही कानात चिंध्या कोंबायचो," तो म्हणाला, या वेळी हळू. "सहा जण होतो तोफेवर. बाकीचे पाच तिथेच राहिले, त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. मग मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?"

डार्लीनने ट्रॅक्टर बंद केला. मग त्याच्या कानाशी वाकून ती मोठ्याने म्हणाली, "तक्रार करू नका. त्यांच्या वाट्याचं तुम्ही ऐका."

त्याने तिथेच, बोनेटवर, कानाच्या यंत्रांच्या अर्जावर सही केली.

कानातली यंत्रं आली आणि आठवड्याच्या आत अ‍ॅग्नेसचा फोन. "डार्लीन, काय करून ठेवलंस हे! इतकी वर्षं मोकळेपणी बोलत होते मी! आता शब्दाला शब्द येतोय!"

मागून एमिलचा आवाज, "माझ्या आईला काय म्हणालीस?"

"बघ, बघ!" मग अ‍ॅग्नेसचा सूर खाली आला. "काल पहाटे दार उघडून उभा होता गं. कुरणात चंडोल गात होते. मला म्हणतो, हे पक्षी परत कधी आले? मी म्हटलं, गेले होते कधी? तर रडायलाच लागला."

डार्लीनने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढचं काम एमिलनेच केलं. धान्याच्या कोठारापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत तो सांगत सुटला, आणि बोलण्याचा आवाज मात्र पूर्वीचाच, त्यामुळे शेजारच्या कौंटीलाही कळलं. ऑफिससमोर पिकअप गाड्यांची रांग लागू लागली. त्या रांगेची बातमी राज्याच्या राजधानीत, लिंकनला पोचली. काही वर्षांनी गव्हर्नरांनी डार्लीनला राज्याच्या सैनिक कल्याण खात्याची प्रमुख म्हणून नेमलं. शपथ घेताना ती मध्येच अडखळली. तिने खोकल्याचं निमित्त केलं.

तिचा पहिला हुकूम निघाला: प्रत्येक अधिकाऱ्याने आठवड्यातला निम्मा वेळ ऑफिसबाहेर, सैनिकांच्या दारात काढायचा. खात्यात कुरकुर झाली. पहिल्याच आठवड्यात राज्याच्या पश्चिम भागातून एका नव्या साहेबाचा घामाघूम फोन आला.

"मॅडम, फाटकात बैल उभा आहे. आत जाऊ देत नाही."

"आणि म्हातारा?"

"तो बैलाच्या बाजूने आहे."

"मग कुंपणाशीच थांब," डार्लीन म्हणाली, "आणि बैलाचं कौतुक कर."