सतरा नंबरच्या यंत्राचा आकडा

लुडविका पेचोव्हनिक कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसे, आणि कारखाना तिला पगार त्याचाच देत असे. बेलार कंपनीच्या चाचणी विभागात चोवीस कपडे धुण्याची यंत्रं महिनोन्‌महिने चालू असायची. कुठलं कधी मोडतं ते बघायचं, हे तिचं काम. टॉवेल हातात घेतला की तो पन्नास वेळा धुतलाय की पाचशे वेळा, ते ती बोटांनी सांगायची.

मी तिची शेजारीण. त्याच कारखान्याच्या खानावळीत बावीस वर्षं वाढायला होते. कोण कुणाबरोबर जेवतं आणि कुणी कुणाबरोबर जेवायचं सोडलं, हे मला वरिष्ठांच्या आधी कळायचं.

स्लोव्हेनियातल्या आमच्या खोऱ्यात निम्म्या घरांची चूल बेलारवर चालायची. म्हणून एका तुर्की कंपनीने बेलार विकत घेतली तेव्हा सगळ्यांच्याच मनात पाल चुकचुकली. या कंपनीचे टीव्हीपासून फ्रिजपर्यंत सगळ्याचे कारखाने होते, नऊ देशांत पसरलेले. अशा कंपनीला आमच्या एका खोऱ्याचं काय पडलंय? आराखडे घेतील, साचे घेतील, आणि एके सकाळी फाटकाला कुलूप दिसेल, असं जो तो म्हणू लागला.

त्यांनी पाठवलेली पहिली व्यक्ती म्हणजे नेसरीन, चाळिशीची इंजिनिअर. ती आमची भाषा अडखळत बोलायची, स्वतःचा चहा डब्यात आणायची आणि दिसेल त्याचे फोटो काढायची. चाचणी विभागाची एक किल्ली तिच्याकडे होती. शनिवारीसुद्धा तिची गाडी आवारात दिसायची.

"फोटो कशाचे काढते गं ती?" मी एकदा विकाला विचारलं. लुडविकाला आम्ही सगळे विकाच म्हणायचो.

"माझ्या वह्यांचे. पानन्‌पान."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आपली गरज संपवायला," विका म्हणाली. समोरची जवाची आमटी तिने तशीच ठेवली होती.

एका माणसावर मात्र तिचा विश्वास होता, आल्बिन रोगेलवर. तीस वर्षं दोघं एकाच विभागात. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून त्यालाच उभं केलं होतं. सोमवारी सकाळी यंत्रांवरचे आकडे आल्बिन वहीत उतरवायचा आणि विका खाली सही ठोकायची. त्याचा आकडा तिने कधी पडताळला नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी आल्बिन दात काढायला गेला होता, म्हणून आकडे विकानेच घेतले. सतरा नंबरवर नवं मॉडेल होतं. जूनअखेर त्याची अडीच हजार धुणी पूर्ण व्हायची होती. ती झाली की उत्पादन सुरू. शुक्रवारी दुपारी दोनला घरी निघताना तिने सहज पाहिलेला आकडा होता चौदाशे बारा. सोमवारी सहाला चौदाशे त्र्याहत्तर.

विका तिथेच स्टुलावर बसली. एका धुण्याला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. शुक्रवार दुपार ते सोमवार पहाट चौसष्ट तास, म्हणजे फार तर चोवीस धुणी. मग ही एकसष्ट झाली कशी?

तिने दार उघडून टॉवेल बाहेर काढला. बोटं फिरवली. हजार वेळाही धुतलेला नव्हता तो.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कोट न काढताच म्हणाली, "तीच आहे. किल्ली तिच्याकडे. नवं मॉडेल लवकर पास करून मालकांची शाबासकी हवीय तिला."

"आल्बिनला सांगितलंस?"

"पुरावा मिळू दे. मग पहिलं त्यालाच सांगणार."

आठवडाभर तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण नेसरीन विभागात आली की ती काम सोडून तिच्याकडे बघत राहायची. नेसरीनही तिच्याकडे तशीच बघायची. दोघी एकमेकींना 'नमस्कार' म्हणायच्या तेव्हा आम्ही खानावळीतल्या बायका खाली बघून हसायचो.

रविवारी चर्चमधून विका घरी न जाता थेट कारखान्यात गेली. चष्मा विसरलाय, असं पहारेकऱ्याला सांगितलं. दुपारचं ऊन विभागाच्या काचेतून आत आलं होतं. तेवीस यंत्रं घरघरत होती. सतरा नंबर बंद होतं. त्याचं मागचं झाकण काढलेलं, आणि समोर गुडघ्यावर बसून आल्बिन दाराच्या खटक्याला तारेचं टोक लावत होता आणि काढत होता. दर वेळी आकडा एकाने पुढे सरकत होता.

"आल्बिन."

तो दचकला नाही. तार खाली ठेवून उठला.

"तुला यायचं कारण नव्हतं, विका."

"किती दिवस चाललंय हे?"

"जानेवारीपासून. ग्रोबेल्निकने सांगितलं." ग्रोबेल्निक म्हणजे आमचा संचालक, याच खोऱ्यातला, दर जत्रेत मानाचा पहिला घोट त्याचा. "हे मॉडेल नापास झालं तर तुर्क ते दुसऱ्या कारखान्याला देतील. चारशे माणसं आहेत त्या लाइनवर. तुझा मुलगा आहे."

"आणि सही माझी."

"तुझ्या सहीवर सगळ्यांचा विश्वास बसतो म्हणून."

विकाने हात पुढे केला. "बाजूला हो. मला बघायचंय."

तिने बॅटरी मारून ड्रममागे पाहिलं. बेअरिंगजवळचं रबरी सील झिरपत होतं आणि तांबूस पाणी विजेच्या तारांवर उतरत होतं. खरी धुणी नऊशेच्या आतच झाली असावीत.

"हे कुणाच्या तरी न्हाणीघरात पेटेल," ती म्हणाली.

"दहा वर्षांनी. कदाचित."

"चार वर्षांनी. न्हाणीघरात मूल असताना."

आल्बिनने तार उचलून खिशात ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू सांगितलंस तर या खोऱ्यात तुझ्याशी कुणी बोलणार नाही. मीसुद्धा नाही."

तीन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. नवऱ्याला माहीत होतं का? मुलाला? मलाही तिने विचारलं, "ग्रोबेल्निक आणि आल्बिन एकत्र जेवायचे का गं?" मी म्हटलं, हो, जानेवारीपासून कोपऱ्यातल्या टेबलावर. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही लपवलं होतं. ते मला अजून लागतं.

गुरुवारी ती तो टॉवेल आणि यंत्रातून काढलेलं सील घेऊन नेसरीनच्या खोलीत गेली आणि दोन्ही टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. आल्बिनचं नावही सांगितलं, कारण अर्धं सांगणं तिला जमत नसे.

नेसरीनने खणातून एक जाड फाइल काढली. आत विकाच्या वह्यांचे फोटो होते. प्रत्येक सोमवारच्या आकड्याखाली लाल रेघ, आणि शेजारी विकाची सही गोल केलेली.

"लुडविकाबाई, मी दोन महिने तुमच्यावर पाळत ठेवली होती," ती अडखळत म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच."

"मला वाटलं, तुम्ही."

"शनिवारी मी यायचे ते तुम्ही येता का हे बघायला. रविवारी कुणी येईल असं वाटलं नाही. सगळे चर्चमध्ये असतात म्हणाले."

विका मला म्हणाली, त्या क्षणी दोघींनाही हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मॉडेल पाच महिने अडलं. सील बदललं, चाचणी पहिल्यापासून झाली आणि विकाने प्रत्येक आकडा स्वतः उतरवला. लाइन आमच्याकडेच राहिली. ग्रोबेल्निक 'तब्येतीमुळे' गेला आणि आल्बिनला मुदतीआधी पेन्शनवर पाठवलं. दोन वर्षांनी फ्रिजची लाइन रोमानियाला गेली, तेव्हा बाजारात लोक उघड बोलले, विकाने तोंड उघडलं नसतं तर गेली नसती. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही. तिने नेसरीनला विचारलं होतं. नेसरीन म्हणाली, संबंध नाही. विकाने त्यावरही पुरता विश्वास ठेवला नाही.

खानावळीत तिच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. निवृत्त होईपर्यंत राहिल्या. एका खुर्चीवर कधीकधी नेसरीन चहाचा डबा घेऊन बसायची. बोलणं फारसं नसायचं.

गेल्या शरद ऋतूत औषधांच्या दुकानात आम्ही रांगेत होतो आणि पुढे आल्बिन होता, काठी टेकत. सहा वर्षांनी तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला.

"एकदा मला विचारायचं होतंस, विका. नेसरीनकडे जाण्याआधी. मी स्वतः गेलो असतो."

"गेला असतास?"

त्याने हातातल्या चिठ्ठीची घडी घातली.

"नाही," तो म्हणाला. "पण विचारायला हवं होतंस."

विकाने मान डोलावली. औषधं घेऊन तो दाराकडे निघाला तशी ती पुढे झाली आणि त्याला पायरी उतरता यावी म्हणून दार धरून उभी राहिली.