नऊ नंबरचं चॅनल

स्टेजवर कोणी नव्हतं आणि अकॉर्डियन वाजत होतं.

दुपारचे तीन वाजले होते. दोन वर्षं बंद असलेलं नाट्यगृह नुकतंच उघडलं होतं. एक सोडून एका खुर्चीवर चिकटपट्टीची फुली, छतात कबुतरं, वाद्यांवर चादरी. आणि स्पीकरमधून आमचा सगळा ऑर्केस्ट्रा दणक्यात वाजतोय. सफाईवाल्या मावशी विंगेतून डोकावल्या, रिकाम्या स्टेजकडे बघितलं आणि झाडू तिथंच टाकून बाहेर गेल्या.

यात जादू काही नव्हती. मी ऑर्केस्ट्राचा साउंडवाला. आमच्या डिजिटल मिक्सरवर प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड होतो. जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हॉलमध्ये वाजवायचं आणि कलाकार यायच्या आधीच आवाज बसवून घ्यायचा, ही आमची नेहमीची पद्धत. लॉकडाऊनच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम माझ्या लॅपटॉपवर होता. तो लावला.

नऊ नंबरच्या चॅनलवर रशीदभाई होते. आमचे अकॉर्डियनवाले. एकोणतीस वर्षं आम्ही एकाच गाडीतून फिरलो, फर्दापूरपासून पार नांदेडपर्यंत. दुसऱ्या लाटेत ते गेले. दम लागून गेले. त्यांचा माइक अकॉर्डियनच्या भात्याजवळ क्लिप केलेला असायचा. त्यामुळे सुरांबरोबर त्यांचा श्वासही रेकॉर्ड व्हायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी ते स्वतःशीच म्हणायचे, "हौ, चलो." तेही व्हायचं.

रिकाम्या हॉलमध्ये तो श्वास मोठा झाला होता. भाता कुठला आणि छाती कुठली, ते कळत नव्हतं. मी बाकीची चॅनलं बंद केली आणि बराच वेळ तेवढंच ऐकत बसलो.

पाच वाजता मंडळी आली. रशीदभाईंच्या जागी वैशाली मॅडम होत्या. शाळेत संगीत शिकवायच्या, अकॉर्डियन रशीदभाईंकडे शिकलेल्या. स्टेजवर पहिल्यांदाच. ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, मॅडमना स्पष्ट बोलले होते, "आजचा कार्यक्रम बघू. जमलं तर कायमच्या तुम्हीच."

मॅडमना मी सतरा नंबरचं चॅनल दिलं. नऊ नंबर कुणाला द्यायला हात होईना. बाकी सगळी चॅनलं रेकॉर्डिंगवरून काढून माइकवर आणली, नऊ तसंच ठेवलं. माझा विचार एवढाच होता की पहिल्या मेडलीला, म्हणजे सलग तीन गाण्यांना, रशीदभाई माझ्या हेडफोनमध्ये असावेत. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या चॅनलचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, पूर्ण खाली ओढली.

कार्यक्रम सुरू झाला. मेडलीचा ठेका मशीनवर असतो, त्यामुळे वेग दर वेळी तोच. वन-टू-थ्री-फोरचा काउंट व्हायच्या जरा आधी मी लॅपटॉपवर प्ले दाबलं. हेडफोनमध्ये आलं, "हौ, चलो."

स्टेजवर मॅडम दचकल्या. मला वाटलं, पहिली वेळ आहे, होतं असं.

त्या वाजवत होत्या, पण मान सारखी खाली, पायाजवळच्या मॉनिटरकडे. मॉनिटर म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला छोटा स्पीकर. दुसऱ्या गाण्यात त्यांनी मागं वळून बघितलं. मागं काळा पडदा होता. तिसऱ्यात त्यांनी भाता मिटला आणि बोटं थांबवली. उरलेलं गाणं अकॉर्डियनशिवाय झालं. लोकांना काही समजलं नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असताना माझी नजर मिक्सरवर गेली. नऊ नंबरची, रशीदभाईंच्या जागेवरच्या मॉनिटरकडे जाणारी लाइन हिरवी लुकलुकत होती. फेडर ओढला की हॉलमधला आवाज बंद होतो. मॉनिटरची लाइन फेडरच्या आधीच निघते, ती वेगळी बंद करावी लागते. शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं. रशीदभाई बारा मिनिटं मॅडमच्या पायाशी वाजत होते, त्यांच्यापेक्षा अर्धी मात्रा पुढं. दुसऱ्या कुणालाच ते ऐकू येत नव्हतं. मी लाइन बंद केली.

इंटरव्हलला ग्रीनरूममध्ये मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मास्तर, मला सर ऐकू आले. माझ्या आधी वाजवत होते. श्वास घेत होते हो ते."

कीबोर्डवाला हसला. "काय मॅडम! सरांनी नमस्कार सांगितला का आम्हाला?"

मास्तर माझ्याकडे वळले. "काय हो, मॉनिटरमधून काय गेलं होतं का?"

"नाही मास्तर. मॉनिटर क्लीन होता."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. मी पुढं म्हणालो, "सरांची आठवण आली असेल मॅडमना. होतं असं."

मास्तर म्हणाले, "लई मनावर घेतलं तुम्ही. घरी जा, आराम करा." इंटरव्हलनंतर अकॉर्डियनच्या जागा कीबोर्डवर वाजल्या, आणि त्यानंतर कायमच्या तिथंच गेल्या. कलाकारांमध्ये गोष्ट पसरली की रशीदभाईंनी आपली जागा सोडली नाही. गाडीत रंगवून सांगायचे लोक. मी खिडकीबाहेर बघायचो.

आता मी काम सोडलंय. गेल्या महिन्यात मॅडमच्या शाळेत गेलो. मधली सुट्टी होती, संगीताच्या वर्गात त्या एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातात खडू दिला.

"काढून दाखवा, काका."

मी फळ्यावर चॅनल काढलं, फेडर काढला, त्याच्या आधी फुटणारी मॉनिटरची रेघ काढली. त्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"म्हणजे सर हवे होते तुम्हाला."

"हो."

"मला वाटलं, ते मला उठवतायत. तुला जमत नाही, ऊठ म्हणून. घरी भाता ओढला की तोच श्वास यायचा. अकॉर्डियन पेटीत ठेवून दिलं मग. चार वर्षं झाली."

"मॅडम, माझं..."

"मला एकटीला सांगून काय उपयोग? तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होतात ना?"

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "आता कशाला उकरताय?" म्हणून लिहितोय. मॅडमनी अकॉर्डियन पुन्हा काढलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क माझा नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना एकच सांगणं आहे. कलाकारानं तक्रार केली तर आधी आपलं मशीन तपासा, माणूस नंतर. आणि ज्यांनी ती गोष्ट ऐकली असेल त्यांच्यासाठी: त्या संध्याकाळी वैशाली मॅडमना जे ऐकू आलं ते खरोखर वाजत होतं, आणि थांबेपर्यंत त्यांचा एकही सूर चुकला नव्हता.