दहाव्याचा वक्ता आणि अमेरिकन कादंबरी

"मॅडम, हा प्रोजेक्ट मागं घ्या. आत्ताच्या आत्ता," प्राचार्य म्हणाले.

समोरच्या खुर्चीत विठ्ठलकाका बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर राग. दाराशी माझी एम. ए.ची विद्यार्थिनी नसरीन, गावातल्याच फळवाल्याची मुलगी. दुसऱ्या दिवशी व्हायवा होती. प्रोजेक्ट मागं घेतला की ती पेपरात नापास. घरात तिच्या लग्नाची बोलणी थांबली होती ती फक्त या परीक्षेपुरती. नापास झाली असती तर ती कुठं गेली असती, हे सांगायला ज्योतिषी नको.

ही आग मीच लावली होती. मी अमेरिकन कादंबरी शिकवायचे. त्यात लहान गावातली विक्षिप्त माणसं असतात. कुणी न येणाऱ्या माणसाचं ताट रोज वाढतं, कुणी भिंतीशी भांडतं. समीक्षेत त्यांना 'ग्रोटेस्क' म्हणतात. सोप्या भाषेत, एकटेपणानं वाकडं झालेलं माणूस. हे मी तीस वर्षं सांगितलं आणि मुलांनी तीस वर्षं गाइडातून उतरवलं. शेवटी वैतागून म्हटलं, आपल्या गावातला असा एक माणूस शोधा, कादंबरीतल्या माणसाशेजारी ठेवा आणि लिहा.

"मॅडम, आमच्या गावात असलं कुणी न्हाई," सगळे म्हणाले. बीड जिल्हा इतका शहाणा आहे, हे मला नव्यानं कळलं.

नसरीनला मात्र विठ्ठलकाका सापडले. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन झालं की माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. काका पंचक्रोशीतल्या प्रत्येक दहाव्याला जाऊन बोलायचे. मयत ओळखीचं असलंच पाहिजे असं नाही. पिंडाला कावळा यायच्या आधी काका हजर. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्या नकला करायचो, मी जरा जास्तच. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि दोन्ही मुलं पुण्यात होती. हे मला नसरीनच्या प्रोजेक्टातून कळलं.

झेरॉक्सवाल्यानं तिच्या प्रोजेक्टातल्या दोन इंग्रजी ओळींचा अर्थ काकांना सांगितला आणि काका थेट कॉलेजात आले.

"ह्या पोरीनं मला एकटा लिवलं!" ते म्हणाले. "पन्नास गावं वळखतेत मला. सरपंचाच्या आधी माझं नाव पुकारतेत."

प्राचार्य लगेच म्हणाले, "बरोबर आहे काका. मॅडम, माफी मागा." दोघांना समोरासमोर बसवायचं आणि एकाला माफी मागायला लावायची, एवढंच प्रशासन त्यांना येत होतं.

मी म्हटलं, "आधी ऐकून तर घ्या. नसरीन, वाच. मराठीत."

ती वाचत गेली. काका मान हलवत होते. मग ती शेवटाला आली. "काका अनोळखी माणसांसाठी बोलतात, कारण त्यांच्या दहाव्याला कोण बोलेल हे त्यांना माहीत नाही."

प्राचार्यांनी डोळे मिटले. मलाही वाटलं, संपलं. पोरीचं वर्ष मी माझ्या हौसेपायी घालवलं.

"हे खोटं हाय," काका म्हणाले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "माझ्यावरचं भाषण म्या लिवून ठेवलंय. कुणाच्या भरवशावर बसलो न्हाई."

मी कागद पाहिला. स्वतःच्या श्रद्धांजलीचं भाषण. 'कै. विठ्ठलराव हे अत्यंत मनमिळाऊ होते.' मला हसू आलं आणि त्या हसण्याची फार लाज वाटली.

"मग वाचणार कोण, काका?" नसरीननं विचारलं.

काकांनी कागदाची परत घडी घातली. "त्येच राहिलंय," ते म्हणाले. "पोरं यायची तवा येतील. त्यास्नी माइकवर बोलायची सवय न्हाई." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू चांगलं वाचती. वाचशील का?"

"वाचीन. पण माझ्या दोन ओळी घालीन."

"घाल. लई लांबवू नको. लोकं जेवायला खोळंबतेत."

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे प्रोजेक्ट ठेवायचा ना, काका?"

"ठिवा की. म्या कावून नको म्हणू?"

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकानं नसरीनला विचारलं, "हे पात्र कादंबरीत कितव्या पानावर आहे?" नसरीन म्हणाली, "सर, ते कडा रोडला राहतं." तरीही तिला पास केलं, हा त्याचा मोठेपणा. ती आता बी. एड. करते आहे.

काका ठणठणीत आहेत. दर महिन्याला तिला फोन करून भाषणात दुरुस्त्या सांगतात. 'मनमिळाऊ' परवा काढायला लावलं म्हणे, खोटं वाटतं म्हणून. एकटेपणावर तीस वर्षं नोट्स देणाऱ्या मला मात्र, रोज दारावरून जाणाऱ्या त्या माणसाला "या, चहा घ्या" म्हणायचं एकदाही सुचलं नव्हतं.