हापशापासून साठ पावलं

मानवतमधला आमचा बौद्धवाडा पाडून तिथं दुकानं उभी राहिली. मोर्चे काढून, पत्रकं वाटून आम्ही तहसीलच्या साहेबाला पंचनामा करायला लावला. ज्याला घराची जागा दाखवता येईल, त्यालाच बदली घर मिळणार होतं. आत्याकडे कागद नव्हता, पण तिनं आयुष्यभर हापशावरून दारापर्यंत पाणी वाहिलं होतं.

"साठ पावलं साहेब. चला माज्या मागं."

वाड्यातला हापसा तेवढा उरला होता. तिथून चालताना तिनं विहाराची जागा दाखवली, माझ्या आजीची चूल दाखवली. साठावं पाऊल रस्त्याच्या मधोमध पडलं. घर तर पुढं, मोबाइलच्या दुकानाखाली होतं. गुडघे गेल्यापासून तिची पावलं आखूड पडतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"आजी, रस्त्यात राहत होता का?" साहेब म्हणाला. शिपाई हसला.

"तवा पायात जोर व्हता. तुमी चाला डोक्यावर हंडा घेऊन. बगा दार येतंय का न्हाई!"

मी तावातावानं दुकान दाखवलं. नातेवाइकाचं चालत नाही, असं सांगून साहेबानं लिहिलं, 'जागा दाखवता आली नाही.' खाली आत्याची सही घेतली. आमच्याच चळवळीच्या अभ्यासवर्गात शिकलेली ती सही तिनं सावकाश, एकही अक्षर न सोडता केली.