चोरीचं मैदान

गाव सोडलं त्या सकाळी मला पोचवायला सगळी गल्ली स्टँडवर आली होती. माझे वडील, आबा, तेवढे आले नव्हते. बैल विकल्यापासून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. एस.टी. लागली, मी बॅग वर टाकली, तेवढ्यात गर्दीतून हौसाकाकू पुढे आली. हणमंताची आई. हणमंता माझा शाळेपासूनचा दोस्त आणि बैलगाडीच्या शर्यतीतला पक्का वैरी. त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. काकूने माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं, तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "तू उचलून नेलंस म्हणून माझं पोरगं वाचलं रं बाबा." गाडी सुटेपर्यंत मी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, रडतोय. कसलं रडणं! तिला खरं ठाऊक असतं तर तिने तिथेच पायताणाने माझं थोबाड फोडलं असतं, आणि बरंच झालं असतं.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं इकडे येऊन पडलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. तुम्ही मला दुबईचा हिरो म्हणता. मी हिरो नाही, हिरोच्या हातून मार खाणारा आहे. पण ते नंतर.

मी बैलगाडीचा ड्रायव्हर. छकडीवर उभं राहायचं, कासरा मनगटाला गुंडाळायचा आणि दोन उधळलेल्या खोंडांना सरळ रेषेत न्यायचं. ऐकायला मर्दानी वाटतं, पण आम्ही काय करायचो ते कुणी सांगत नाही. मी बैलाची शेपूट दातात धरून चावलीय. तोंडात रक्त आलं की थुंकायचो आणि पुन्हा चावायचो. पाच तालुक्यांत माझ्यापुढे गाडी काढणारा नव्हता, हणमंता सोडून. आबा सांगायचे, "शेजारच्या माणसाकडं बघू नको, त्याच्या बैलाकडं बघ." ते मी इतकं अंगी बाणवलं की शर्यतीत शेजारी माणूस असतो हेच विसरलो.

शर्यतींवर बंदी होती तेव्हाची गोष्ट. चोरून मैदान भरवायचं, पोलीस यायच्या आत तास-दीड तासात आटपायचं. त्या दिवशी फायनलला हणमंता माझ्या डाव्या हाताला होता आणि त्याचे बैल अर्ध्या मानेने पुढे होते. धुरळा असा, की कडेच्या लोकांना काहीच दिसेना. माझ्या डोक्यात सणक गेली. चाबूक उलटा धरला आणि दांडक्याने त्याच्या तोंडावर हाणला. तो छकडीवरून उडाला तो माझ्याच चाकाखाली आला. ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. मी गाडी थांबवली नाही. रेषेपलीकडे गेलो, गुलाल उडाला, लोकांनी खांद्यावर घेतलं. मग उडी मारून मागे पळालो आणि त्याला उचललं. त्याचं हाड कातड्याबाहेर आलं होतं. माझ्या शर्टावर गुलाल कुठला आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं.

दवाखान्यात सगळ्या गावाने एकच सांगितलं, ट्रॅक्टरवरून पडला. मैदान बेकायदा, दुसरं सांगणार काय? त्या मोठ्या खोट्यात माझं खोटं आपोआप झाकलं गेलं. गाव समजलं, चाक निखळलं, अपघात झाला. मी मात्र त्यानंतर हणमंताला भेटलोच नाही. पासपोर्ट काढला आणि दुबईत एका तबेल्यात घोड्यांना खरारा करायच्या कामाला लागलो.

राहायला अल क्वोजच्या मजूर कॅम्पमध्ये, एका खोलीत आठजण. वर्षभराने आमचे घोडे एका सिनेमाच्या शूटला नेले. तिथे बॉम्बच्या आवाजाने एक घोडा बिथरून लोकांत घुसला. मी पळत जाऊन त्याच्या मानेला लोंबकळलो, पन्नासेक पावलं फरपटत गेलो आणि त्याला खाली बसवला. फाइट कोऑर्डिनेटर हातिम, जॉर्डनचा माणूस, हसत आला. "हबीबी, तू पागल है. कल से मेरे पास." खलास, घोड्यांची लीद सुटली.

अल क्वोजमधल्याच एका गोदामात त्याने मला पडायला शिकवलं. जिन्यावरून पडणं, घोड्यावरून पडणं, पेटत्या कोटात पळणं. तलवारीने, गोळीने, फासाने, सगळ्या तऱ्हेने मी मेलोय. गळ्याखालची एक हासळी, तीन बरगड्या आणि पुढचे दोन दात गेले. पुढे लग्न झालं, पोरगी झाली; ती टीव्हीवर बघून म्हणते, "बाबा, यू डाय सो वेल!" समोरच्याला मी सांगायचो, हात आखडू नको, लागू दे. सगळे म्हणायचे काय डेरिंग आहे! डेरिंग कुठलं? प्रत्येक फटका अंगावर बसला की घटकाभर बरं वाटायचं. मारणाऱ्याचं काम मात्र मी कधी घेतलं नाही.

मग शर्यती परत सुरू झाल्या. मोबाइलवर मैदानांचे व्हिडिओ यायला लागले आणि त्यात एक आवाज ओळखीचा निघाला. हणमंता समालोचक झाला होता. कुबडी बगलेत, माईक हातात, आणि जीभ अशी, की लोक गाड्या सोडून त्यालाच ऐकायचे. आणि दर मैदानात तो माझं नाव घ्यायचा. "ह्या मातीतला गडी आज दुबई गाजवतोय!" कॅम्प सोडून घेतलेल्या इंटरनॅशनल सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायको कौतुकाने आवाज वाढवायची आणि मला जेवण जायचं नाही. यंदा तर यात्रेच्या मैदानाला माझा सत्कार ठरला. कमिटीचा फोन आला, मी सुट्टीचं बघतो म्हणून टाळलं.

आणि त्याच आठवड्यात वाळवंटातलं ते शूट आलं. हिरोचा डुप्लिकेट आजारी पडला. हातिम म्हणाला, तूच बस, धावत्या घोड्यावरून शेजारच्याला चाबकाने खाली पाडायचं आहे. शेजारी यूसुफ, पेशावरचा, साधा माणूस. ह्या धंद्यात एक नियम आहे. मारायच्या आधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. त्याने नजरेने हो म्हटलं की मगच हात उचलायचा. हातिम रोज घोकून घ्यायचा, "आँख नहीं, तो मार नहीं." मारणाऱ्याचं काम नको होतं, पण हातिमला नाही कसं म्हणणार? यल्ला, अॅक्शन! घोडे सुटले, धुरळा उठला, आणि मी यूसुफकडे बघितलंच नाही. त्याच्या घोड्याकडे बघितलं. घोडा अर्ध्या मानेने पुढे होता. माझा हात आपोआप उठला.

यूसुफची भुवई फाटली. रिकिबीत पाय अडकून तो फरपटला, मनगट मोडलं, तोंडभर वाळू आणि रक्त. हातिमने मला घोड्यावरून ओढून सगळ्या युनिटसमोर कानाखाली मारली. "आँख क्यों नहीं देखा?" त्याच्याकडे बघायचीही माझी हिंमत झाली नाही. दुपारी हॉस्पिटलात यूसुफ टाके घातलेल्या तोंडाने मलाच समजावत होता, "अ‍ॅक्सिडेंट था भाई. खलास."

अपघात! पुन्हा तोच शब्द, आणि पुन्हा मलाच वाचवायला. मी तडक बाहेर आलो, पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि हणमंताला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हणमंता, ते चाक निखळलं नव्हतं. मी मारलं तुला."

पलीकडे मागे कोंबडी ओरडत होती.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "दांडकं तोंडावर आलं तवा डोळं उघडंच हुतं माझं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलायचं हुतं ते. दर मैदानाला तुझं नाव घेतोय, ते काय कौतुक वाटलं व्हय तुला? म्हटलं, ह्या गड्याच्या कानात जातंय का न्हाई." मग म्हणाला, "लई शिव्या पाठ केल्या हुत्या रं तुझ्यासाठी. आता एक आठवंना."

मी काय करू, असं विचारलं. तो म्हणाला, "सत्काराला ये. शालबिल राहू दे. पयली गाडी सुटायच्या आधी माईक तुझ्या हातात देतो. तूच सांग."

बायकोला सगळं सांगितलं, ती म्हणते, जाऊ नका, गर्दी जिता सोडणार नाही. खोटं नाही तिचं. इथल्या प्रत्येक माराखाली गादी असते, तिथे खडक आहे. इथे सगळे एकमेकांना विचारतात, घर म्हणजे कुठलं, इथलं की तिथलं? इतकी वर्षं मी म्हणायचो, आई-आबा आहेत ते घर. आता वाटतं, माझी सगळी लबाडी ठाऊक असून ज्याने माझं नाव टाकलं नाही, तो माणूस जिथे उभा आहे ते घर. तिथे जोडे बसले तरी ते घरचेच.

शुक्रवारचं तिकीट काढलंय. हणमंता, मी बोलायला उभा राहीन तेव्हा समोरच थांब. या खेपेला मी तुझ्याकडेच बघणार आहे.